तोफेने नेलेले कान

घरात आता हळू बोललं तरी चालतं, आणि मला ते जमत नाही. परवा प्रज्ञा लातूरहून आली. मी तिला "चहा टाकू का?" म्हणून विचारलं, तर भिंतीपलीकडून राधाकाकूंनी उत्तर दिलं, "नको, आत्ताच झाला." लेक हसली, मग रडली. मी चहा टाकला.

लोकांना वाटतं, एसटीत कंडक्टरकी करून माझा आवाज असा झाला. एसटीत ओरडावं लागत नाही, तिथे घंटी असते. आवाज घरात चढला, तुमच्यासाठी. नवरा-बायकोंनी एकमेकांच्या कानात सांगायच्या गोष्टी मी सगळ्या वरच्या पट्टीत सांगितल्या. तुमचं मूळव्याधीचं मलम कुठल्या फडताळात आहे हे निलंग्यातल्या आपल्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नवे भाडेकरू आले की दबक्या आवाजात विचारायचे, "हे फौजेतले कांबळे हवालदार लई तापट हायत का?" राधाकाकू सांगायच्या, "तापट न्हाईत, बहिरे हायत. तापट ती हाय."

तुम्ही गेलात तेव्हा मी उदगीरच्या फेरीवर होते. डेपोतून फोन आला. उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आणि तुम्ही रस्त्याच्या कडेने दुधाची किटली घेऊन चाललेले. ट्रॅक्टर मागून आला. समोरून आला असता तर तुम्ही आज घरात असता, कारण डोळे तुमचे शेवटपर्यंत घारीचे होते.

ड्रायव्हर मला पोलीस ठाण्यात भेटला. चाळिशीचा माणूस. "ताई, हॉर्न दिला. दोनदा दिला. वर टेप चालू व्हता, फुल आवाजात. शिवारातल्या माणसांनी वळून बघितलं. मला वाटलं, ह्ये बी सरकतील." मी त्याला शिव्या द्यायच्या तयारीने गेले होते. दिल्या नाहीत. तो खरं बोलत होता, आणि भरलेल्या ट्रॉल्या जागच्या जागी थांबत नाहीत हे मला त्याच्याइतकंच कळतं.

जमादाराने पंचनामा लिहिता लिहिता विचारलं, "बाई, मयताला ऐकायला कमी येत होतं का?"

"कमी नाही. येतच नव्हतं."

त्याने लिहिलं. ना कान तपासायचं मशीन मागितलं, ना डॉक्टरचा दाखला, ना कुठल्या साली सुरू झालं ते विचारलं. एका ओळीत लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेला. ज्या वाक्यासाठी आपण इतकी वर्षं दारोदार फिरलो ते सरकारी कागदावर पहिल्यांदा उतरलं ते असं, आणि उतरलं ते तुमच्याच विरोधात. ट्रॅक्टरवाल्याचा वकील आता म्हणेल की चूक मयताची. पोलिसांच्या लेखी तुम्ही बहिरे म्हणून मेलात. फौजेच्या लेखी तुम्ही दोन्ही कानांनी ठणठणीत सुटलात आणि आजही ठणठणीत आहात.

तुमच्या जलदान विधीच्या दिवशी तालुक्यातले माजी सैनिक आले. एकाने भाषण केलं, देशाने शूर जवान गमावला म्हणाला. मला शाल दिली. शालीला अपंगत्वाची टक्केवारी लागत नाही, फौजेच्या डॉक्टरांचं बोर्डही लागत नाही. घडी घालून कपाटात ठेवली आहे.

मेडिकलची ती गोष्ट तुम्ही पहिल्यांदा सांगितलीत प्रज्ञाच्या लग्नात, मांडवात, पाहुण्यांना हसवायला. तोफखान्यात दरवर्षी मेडिकल व्हायची. कान तपासायला डॉक्टर खोलीच्या एका टोकाला उभा राहायचा, जवान दुसऱ्या टोकाला पाठ करून. डॉक्टर कुजबुजत आकडे म्हणायचा आणि जवानाने ते मोठ्याने सांगायचे. तुम्हाला एकही आकडा ऐकू यायचा नाही. पण रांगेत पुढचा नंबर वाघमारे भाऊजींचा असायचा. ते नांदेडचे, तुमच्याच तोफेवरचे, भरतीपासून सोबत. ते तुमच्या नजरेच्या टप्प्यात भिंतीला टेकून उभे राहायचे आणि मांडीवर बोटं उघडायचे. तीन. सात. पाच. तुम्ही छाती काढून ओरडायचात, "तीन, साब! सात, साब! पाँच, साब!" डॉक्टर खूश. कागदावर फिट.

मांडव हसून लोटपोट झाला. व्याहीसुद्धा हसले. तुम्ही भाऊजींच्या पाठीवर थाप मारलीत आणि भाऊजींनी पुन्हा मांडीवर बोटं करून दाखवली. मी वरणाच्या पातेल्यापाशी उभी राहून हिशेब जुळवत होते. म्हणजे लग्नानंतर पहिल्या सुट्टीला आलात तेव्हा मी हाक मारली की तुम्ही वळत नव्हता, आणि मला वाटायचं की फौजी माणूस, बायकोच्या हाकेला किंमत देत नाही.

का केलंत, ते मला माहीत आहे. कान अधू लिहिला गेला की मेडिकलची कॅटेगरी खाली जाते. कॅटेगरी गेली की नायकाचा हवालदार होत नाही, तोफेवरून काढून लंगरच्या धान्यकोठारावर बसवतात, आणि बॅरेकमध्ये नावाऐवजी 'कॅटेगरीवाला' म्हणतात. कानात बोळे घातले तरी हसायचे, म्हणून बोळे पण नाहीत. वर चाकुराजवळचं तुमचं गाव. ज्या गल्लीतून तुमचे आजोबा चपला हातात घेऊन जायचे त्या गल्लीतून तुम्ही बूट वाजवत गेलात. त्या बुटांचा माणूस मोडका लिहून घरी पाठवावा, हे तुम्हाला सहन होणारं नव्हतं. मला हे समजतं. समजतं म्हणून राग कमी होत नाही.

सुटून आल्यावर तुम्ही म्हणायचात, "लोक आजकाल लई हळू बोलून राहिले." लोक बोलत होते तसेच बोलत होते. गोदामावर पहारेकरी लागलात, ऐकू येत नाही म्हणून मालकाने काढलं. सुटलेल्या जवानांना पहाऱ्यासाठी परत घेतात त्या सैन्याच्या भरतीची जाहिरात आली, तुम्ही अर्जही आणला नाही. मला कारण सांगितलंत पगार कमी असल्याचं. खरं कारण मला भाऊजींकडून कळलं: तिथे आता कान मशीनवर तपासतात, काचेच्या खोलीत एकट्याला बसवून. मशीनपुढे बोटं चालत नाहीत.

मग मी हातात घेतलं. मी रोज गाडीत दिव्यांग सवलतीची कार्डं बघते, मला वाटलं तसंच असेल. जिल्हा रुग्णालयात नेलं, मशीनवर बसवलं, प्रमाणपत्र काढलं आणि लातूरच्या सैनिक कार्यालयात तुम्हाला घेऊन गेले. तिथले साहेब निवृत्त सुभेदार, शांत माणूस. त्यांनी प्रमाणपत्र वाचून परत दिलं.

"बाई, हे एसटीला चालतंय. फौजेला न्हाई. फौजेची टक्केवारी फौजेचं बोर्ड काढतं."

"मग बोर्डाला कसं जायचं?"

"जाता येतंय. पण आधी तीन प्रश्न ऐका. कान किती गेला? वीस टक्क्यांच्या खाली असंल तर दावाच बसत न्हाई. यांचा वर हाय, मला दिसून राहिलंय. दुसरं, कशानं गेला? तोफ, स्फोट, गोळीबार, असं नोकरीमुळं झालं तर चालतंय. आधी थोडं व्हतं आणि नोकरीनं वाढलं तरी चालतंय. तिसरं, हे यांच्या फौजेच्या कागदात कधी आलं?"

"आलंच नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "भरतीला धडधाकट घेतला आणि सुटताना अधू निघाला, तर फौजेनं दाखवायचं की आमच्यामुळं झालं न्हाई. शंका असंल तर शंकेचा फायदा जवानाला. नियम चांगला हाय, बाई. पण तो सुटताना अधू निघालेल्याचा हाय. हे धडधाकट निघालेत."

"कान तर गेलाय. समोर बसलेत, विचारा काही."

"कान गेला हे कुणी नाकारत न्हाई. कधी गेला एवढंच सांगा. सुटल्यावर उशिरा कळलं तरी दावा करता येतो, पण मूळ नोकरीतलं हाय हे दाखवावं लागतं. न्हाईतर डॉक्टर लिहिणार, वय झालं. तोफेवर सोबत असलेला एखादा माणूस लिहून देईल का, की याला तेव्हाच ऐकू येत नव्हतं?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही साहेबांच्या ओठांकडे बघत होतात. सगळं कळलं होतं तुम्हाला. मान फिरवून तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलात.

तरीही अर्ज केला. बोर्डाचं बोलावणं आलं. दूरच्या लष्करी रुग्णालयात गेलो. तुम्ही मिशीला रंग लावला, बूट चमकवले, मेडलं लावायची की नाही यावर गाडीत वाद घातला. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दार बंद होतं, डॉक्टरांचं काही ऐकू येत नव्हतं. तुमचं सगळं ऐकू येत होतं, कारण बहिरा माणूस हळू बोलत नाही. डॉक्टर पाटीवर लिहून विचारत होते, ते तुम्ही नंतर सांगितलंत. म्हणजे प्रश्न कळला नाही असं म्हणायची सोय नव्हती. नोकरीत असताना कानाचा त्रास होता का, असं त्यांनी लिहिलं. आणि मी बाकावरून तुमच्या टाचा जुळल्याचा आवाज ऐकला.

"नो कंप्लेंट, साब!"

अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं. माझ्या शेजारी एक पाय नसलेला नायक बसला होता, तो खाली मान घालून हसला. "सबका यही होता है, भाभी," म्हणाला. मला हसू आलं नाही.

परतीच्या एसटीत आपण भांडलो. ते भांडण माझ्या खात्यातल्या लोकांनी पुढे कितीतरी दिवस पुरवलं.

"खोटं का बोललात?"

"काय?"

"खोटं! का! बोललात!"

पुढच्या सीटवरचा माणूस वळला. तुम्ही म्हणालात, "समोर साब व्हता. मेजर."

"मग?"

"मग त्याला सांगू का, की तुमच्या आधीच्या सगळ्या साबलोगांना मी फसवून राहिलो व्हतो?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अवो, जरा हळू भांडा की." तिच्या शेजारणीने सांगितलं, "त्यांला ऐकू येत न्हाई वाटतं." म्हातारी म्हणाली, "मंग अख्ख्या गाडीला कशाला?" कंडक्टर आमच्याच डेपोचा. तो तिकिटाचं मशीन बंद करून दांड्याला टेकला. "मॅडम, चालू द्या. निकाल लागल्यावर पुढची तिकिटं फाडतो."

मी सांगितलं की भाऊजींकडून लिहून घेऊ. बोटांचं, रांगेचं, सगळं.

तुमचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी आधी कधी बघितला नव्हता. "वाघमारेचं नाव घेतलंस तर याद राख, शके. माझ्यामुळं त्यानं बोटं दाखवली. आता त्याचं नाव मी बोर्डापुढं टाकू? मरू दे तो कान."

मी गप्प बसले. तुम्हाला वाटलं मी कबूल झाले. गप्प बसणं आणि हो म्हणणं यांतला फरक तुम्हाला ऐकू येत नव्हता, आणि तो मी ओरडून सांगितला नाही. दावा फेटाळल्याचं पत्र आलं. नोकरीशी संबंध नाही, वयोमानाने. मी अपील टाकलं. तुम्ही सही केलीत, पण नव्या पुराव्याची जागा कोरी राहिली. ती कोरी असतानाच ट्रॅक्टर आला.

सगळं कडूच लिहीत नाही. डेपोतल्या बायका सांगतात की नवरा मोबाइलमधून मान वर करत नाही, बोललेलं भिंतीला जातं. माझं बोलणं सुरू झालं की तुम्ही हातातलं काम खाली ठेवायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात, शेवटचा शब्द होईपर्यंत. बघितल्याशिवाय तुम्हाला कळायचंच नाही, हे खरं. पण आमच्या ड्यूटीच्या भानगडी, कंट्रोलरच्या कुरापती, सुट्ट्या पैशांवरून झालेल्या मारामाऱ्या, हे सगळं इतकं लक्ष देऊन दुसऱ्या कुणी बघितलं नसतं. पहाटेच्या गाडीला मी निघायची तर तुम्ही आधी उठून डबा भरायचात. भांडी इतकी आदळायचात की गजराची गरज नव्हती. स्वतः केलेला तो दणदणाट तुम्हाला माहीत नव्हता, आणि तुम्ही राधाकाकूंना सांगायचात, "हिची झोप मोडू नये म्हणून मी आवाज न करता स्वयंपाक करतो."

हे कुणाला सांगून हसायचं आता?

जलदानाला भाऊजी आले तेव्हा माझ्या समोर लहान मुलासारखे रडले. "वहिनी, काहीबी लागलं तर सांगा," म्हणाले. लोक म्हणतात तसं म्हणाले असतील. मी ते शब्दशः घेतलं. सुट्टीच्या दिवशी साधी साडी नेसून नांदेडच्या गाडीत बसले. सोबत अपिलाची फाइल होती, कारण साहेबांनी सांगितलं होतं की वारस म्हणून दावा पुढे चालवता येतो.

भाऊजी तिथे एका कॉलेजच्या फाटकावर पहारेकरी आहेत. घरी त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, दार उघडलं. आतल्या खोलीत भाऊजी पेपर वाचत होते. सुमनबाई दारातूनच ओरडल्या, "अवो! निलंग्याच्या वहिनी आल्यात!" त्यांनी मान वर केली नाही. सुमनबाई पुढे गेल्या आणि पेपर खाली केला.

तो आवाज मी ओळखला. तो माझाच आवाज होता, दुसऱ्या बाईच्या गळ्यातला.

"यांनाही?" मी विचारलं.

"तुमाला ठाऊक न्हाई?" सुमनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवत होते. "दोगं बी बहिरे, वहिनी. दर रविवारी अर्धा-अर्धा तास फोनवर बोलायचे. ह्ये इकडून वरडायचे, ते तिकडून वरडत असतील. याला त्याचं कळायचं न्हाई, त्याला याचं. मी विचारायची, काय म्हणाले कांबळे? तर म्हणायचे, बरा हाय."

तुम्हीसुद्धा मला तेच सांगायचात. बरा हाय वाघमारे.

मी भाऊजींसमोर बसून सावकाश, तोंड स्पष्ट उघडून विचारलं, की मग मेडिकलला तुम्ही आकडे कसे ऐकत होता? भाऊजी ओशाळले. "ऐकत कुठं व्हतो, वहिनी? मी भिंतीला अशा बाजूनं उभा राहायचो, की डॉक्टरचे ओठ दिसायचे. ओठ बघून बोटं करायचो. माझा नंबर आला की कांबळे माझ्या जागी येऊन उभा राहायचा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बी तसेच. आमच्या तोफेवरच्या रांगेत धड कान असलेला माणूस शोधावा लागला असता." मग त्यांनीच विचारलं, "कांबळ्यानं तुमाला एवढंबी सांगितलं न्हाई?"

नाही सांगितलं. मांडवात सांगितली ती गोष्ट तुमच्या एकट्याच्या फसवणुकीची होती. भाऊजींचा कान त्यातून तुम्ही काढून टाकला होतात, कारण ते पहारेकरी आहेत आणि बहिरा पहारेकरी कुणी ठेवत नाही. स्वतःच्या गोदामावरून निघालात तेव्हा ते तुम्हाला कळलं होतं. तुम्ही ज्याला मैत्री म्हणत होतात ती मला त्या खोलीत बसून पूर्ण समजली, आणि वाईट वाटून घ्यायला मी तिथे गेले नव्हते. फाइल उघडली.

"लिहून द्या, भाऊजी. तोफेवर असतानाच दोघांना ऐकू येत नव्हतं, आणि कॅटेगरी लागू नये म्हणून लपवलं."

"माझी नोकरी जाईल."

"जाऊ शकते."

"पेन्शन बंद केली तर?"

"साहेबांना विचारलं. तशी भीती नाही म्हणाले. पण ते लेखी देणार नाहीत, हेही सांगते."

"तो गेला, वहिनी. कशाला उकरता आता? जिता व्हता तव्हा त्यालाच नको व्हतं. तुमाला पैसा पाहिजे काय?"

"हो, पाहिजे. पैसा नको म्हणणारी बाई मी नाही. पण पैसा मिळेल न मिळेल. ते वयोमानाने असं लिहिलंय ना, ते मला खोडायचंय. माझा नवरा म्हातारपणाने बहिरा झाला नव्हता. लग्नात हार घालताना बहिरा होता. आणि त्या बहिरेपणाने मेला."

भाऊजींनी मान हलवली. "माझ्याच्यानं न्हाई होणार." आणि ते उठून मोरीकडे गेले.

मी फाइल बंद केली, चहा पूर्ण प्यायले आणि निघाले. सुमनबाई बसस्टँडपर्यंत सोबत आल्या. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला, जसा घरी भाऊजींचा धरत असतील. गाडी लागली तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, परवा कॉलेजच्या फाटकात एक ट्रक मागं सरकत आला. पोरांनी ह्यांना वढलं, म्हणून वाचले. मला कुणी सांगितलं न्हाई, शेजारणीकडून कळलं."

"मग?"

"मग काय. तुमचं ऐकलं तव्हापास्नं तोच ट्रक दिसून राहिलाय. नोकरी गेली तर गेली. तुम्ही पुढच्या सोमवारी लातुरात ऱ्हावा. मी घेऊन येते. कसं आणायचं ते माजं मी बघते."

घेऊन आल्या. काय बोलल्या, कसं बोलल्या, मी विचारलं नाही. भाऊजी चार दिवस न जेवलेल्या माणसासारखे दिसत होते. वकिलाच्या टेबलापाशी त्यांनी सगळं सांगितलं: कोणती तोफ, कशी रांग, कुणी कुणासाठी बोटं केली. वकिलाने तीनतीनदा विचारलं, भाऊजींनी ओठ बघून तीनतीनदा उत्तर दिलं. सही करताना पेन थांबलं.

"वहिनी, कांबळ्याला आवडलं नसतं."

"नसतं आवडलं."

"लई चिडला असता."

"हो. करा सही."

त्यांनी केली. मग माझा जबाब. वकिलाने मसुदा वाचून दाखवला: माझ्या पतीकडून बोर्डापुढे सदर माहिती सांगण्याचे अनवधानाने राहून गेले. मी म्हटलं, अनवधानाने काही राहिलं नाही. लिहा, खोटं बोलले. वकील म्हणाला, "बाई, असं लिहिलं तर त्यांचं नाव खराब होईल." मी म्हटलं, "नाव चांगलं ठेवण्यातच सगळं गेलं. लिहा: दरवर्षी खोटं बोलले, सुटताना खोटं बोलले, बोर्डापुढे टाच मारून खोटं बोलले, आणि हे सगळं त्यांना फौजेतच शिकायला मिळालं." शेवटचा भाग त्याने गाळला. बाकीचं राहू दिलं.

काय निकाल लागेल, सांगता येत नाही. कदाचित लिहितील की मयताच्या विधवेने आणि मित्राने मिळून गोष्ट रचली. कदाचित पुन्हा वयोमानाने लिहितील. पण नाही म्हणण्यापूर्वी त्यांना ते वाचावं लागेल, आणि भाऊजींची साक्ष खरी की खोटी हे ठरवायला त्यांना एकदा बोर्डाच्या काचेच्या खोलीत बसवावं लागेल. तिथे भाऊजी काय सांगणार हे पक्कं ठरलं आहे. सुमनबाई दाराबाहेर असणार आहेत.

तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त लाज वाटायची ते आता तुमच्या नावानिशी फौजेच्या टपालात गेलं. तुम्ही म्हणाला होतात, वाघमारेचं नाव घेतलंस तर याद राख. घेतलं. तुम्ही असता तर मी ही सही कधीच केली नसती, एवढं मात्र खरं. तुम्ही महिनाभर तोंड फिरवून बसला असतात, माझ्या ओठांकडे बघितलं नसतं, आणि तुमच्यासारख्या माणसाने बघायचं बंद केलं की बायकोला बोलायला काहीच उरत नाही. ते मला परवडलं नसतं. मला तुमच्यासोबत राहायचं होतं.

आता राहायचं नाहीये. म्हणून केली.